काकूंची उदाहरणं

आमचे हे भाषाशास्त्रज्ञ. माणूस एखाद्या ठिकाणी जातो हे कुठल्या भाषेत कुठल्या विभक्तीने सांगतात, एवढ्या एका गोष्टीवर ह्यांनी जन्म घालवला. हंगेरियनमध्ये घराच्या आत जायला एक प्रत्यय, घराजवळ जायला दुसरा, घरापर्यंत जायला तिसरा. तुर्कीत सगळ्यांना मिळून एकच. लॅटिनमध्ये नुसती द्वितीया लावली की माणूस घरी पोचला. हे ज्ञान मला रोज चहाबरोबर फुकट मिळतं. स्वतः मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं म्हटलं की ह्यांचे गुडघे दुखतात.

ह्यांच्या काकू डोंगरापलीकडच्या. लग्न होऊन आल्या आणि स्वतःची भाषा माहेरीच ठेवून आल्या. काका गेल्यावर मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या, मूलबाळ नाही. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि आमची भाषा तोंडातून गेली ती गेलीच. उरली फक्त माहेरची. ती इथे एकट्या ह्यांना येते, तीही पुस्तकातून शिकलेली. बरी होईपर्यंत राहू दे, म्हणून ह्यांनी त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं आणि घराला कुलूप लावलं.

ह्यांना तर घबाडच मिळालं. दर रविवारी रेकॉर्डर घेऊन निघायचे, तेव्हा गुडघ्यांचं नाव नाही. मी सूपचा डबा घेऊन मागे. काकू ह्यांची बाही घट्ट धरून बोलत राहायच्या, डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि हे नंदीबैलासारखी मान डोलवून पुन्हा म्हण, सावकाश म्हण, असं सांगायचे. काय म्हणतात, असं मी विचारलं, तर म्हणे उदाहरणं देतेय, तीसुद्धा न विचारता. आणि रडतात का? तर झटक्यानंतर डोळे असे पाझरतात म्हणे. नर्सनेही एकदा विचारलं, त्यांना काही हवंय का. काही नको, मजेत आहे, असं ह्यांनी परस्पर सांगून टाकलं.

मग विद्यापीठात ह्यांचं व्याख्यान झालं. सगळी विद्वान मंडळी जमलेली. अहो रूपम् अहो ध्वनिः! ह्यांनी काकूंचा आवाज लावला आणि एकेका वाक्याचा अर्थ वाचून दाखवला.

"मला घरात ने. घरात नको, तर अंगणापर्यंत तरी ने. तेही नको, तर माझी खाट दाराकडे वळव."

तीन वाक्यांत तीन वेगळे प्रत्यय, म्हणाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. कुणाला प्रश्न आहेत का, असं विचारल्यावर मी उभी राहिले.

"हे त्या कुणाला सांगत होत्या?"

"मलाच," हे कौतुकाने म्हणाले. "दुसऱ्या कुणाला येते ही भाषा?"

मंडळी हसली. मी तडक निघाले, घरून किल्ली घेतली आणि टॅक्सीने वृद्धाश्रम गाठला. डॉक्टरांनी केव्हाच घरी न्यायला सांगितलं होतं, हे तिथे कळलं. ह्यांच्या कानावर घातलंही होतं. माझं अर्धं आयुष्य ह्या पढतमूर्खाच्या शर्टांना इस्त्री करण्यात गेलं, ह्याचा मला त्या कॉरिडॉरमध्ये मनापासून संताप आला.

काकू माझ्या खांद्यावर भार टाकून घरात शिरल्या. भिंतीवरून हात फिरवला, स्वयंपाकघरात डोकावल्या आणि खिडकीपाशी बसल्या. आता मी आणि शेजारीण आळीपाळीने त्यांच्याजवळ असतो.

हे रागावले. निदान विचारायचं तरी, म्हणाले. रविवारी रेकॉर्डर घेऊन काकूंसमोर बसले. काकू त्यांच्याकडे बघून छान हसल्या आणि परत खिडकीबाहेर बघू लागल्या. ह्यांनी खोदून खोदून विचारलं, पण जाण्याचं एकही वाक्य निघेना. शेवटी वैतागून माझ्याकडे वळले.

"तू सगळं बिघडवलंस. तिला आता कुठे जायचंच नाहीये."

सध्या ह्यांनी दुसऱ्या एका वृद्धाश्रमात चौकशी चालवली आहे, डोंगरापलीकडची कुणी म्हातारी मिळते का.