टेंटेनची उंची

मास्टर ओफोरीने दोरी महोगनीच्या फळीवर ताणून धरली, गाठीपाशी अंगठा टेकवला आणि म्हणाला, "सहा फूट पाच. वर चार इंच मोकळे. फळी कापू?"

"थांबा," फोसुआ म्हणाली. "माप चुकलंय. माझे बाबा सहा फूट आठ होते."

"ताई, काल मी स्वतः शवागारात गेलो. टाचेपासून टाळूपर्यंत दोरी लावली."

"मग दोरी ढिली पडली असेल."

"ढिल्या दोरीने माणूस लांब भरतो, आखूड नाही." शेजारच्या गाळ्यातला सुतार रंधा थांबवून हसला. ओफोरीने त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तीस वर्षं हेच करतोय. जिवंतपणी माणूस कसाही उभा राहतो. आडवा झाला की जेवढा असतो तेवढाच भरतो."

शनिवारी अंत्यविधी होता आणि आज मंगळवार. बापाची शवपेटी मुलांनी द्यायची. बाकी सगळं, म्हणजे दिवस, जागा, कोण कधी बोलणार हे, बापाच्या कुळाच्या हातात. इथे मूल आईच्या कुळाचं धरतात, म्हणून फोसुआ त्या कुळाबाहेरची. एकुलती एक मुलगी असूनही त्या घरच्या बैठकीत तिला खुर्ची मिळाली होती, शब्द मिळाला नव्हता. पेटी आणि अंत्यविधीच्या पुस्तिकेतलं 'मुलांचं मनोगत' नावाचं एक पान, एवढंच तिचं. ते पानही आज चारपर्यंत छापखान्यात जायचं होतं.

"थोडं थांबा," ती पुन्हा म्हणाली आणि लाकडाच्या भुशातून चालत रस्त्यावर आली.

कुमासी शहरात बाबांचं खरं नाव, यॉ बार्निये, घेतलं तर कोणाला कळत नसे. टेंटेन म्हटलं की कळे. टेंटेन म्हणजे उंच, लांबच लांब माणूस. शाळेच्या मैदानातून तो बास्केटबॉलच्या संघात आला, संघातून देशाच्या जर्सीत, आणि मग अलेक्झांड्रियाच्या एका क्लबने त्याला करार करून नेलं. दोन महिन्यांत परत आला. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोचे दिवस भरत आले होते, म्हणून. मोठं नाव, परदेश, सगळं सोडून तो मुलीसाठी परत आला.

फोसुआ या गोष्टीवर वाढली. परीक्षेत नापास झाली तेव्हा आत्या म्हणाली, "ज्याने तुझ्यासाठी अख्खं करिअर टाकलं त्याला हे दाखवणार?" लग्न मोडलं तेव्हाही आत्याने तेच वाक्य काढलं. बाबा स्वतः कधी बोलले नाहीत. पण त्यांनी कधी नाहीही म्हटलं नाही. मनोगताची पहिली ओळ तिने आठवड्यापूर्वीच लिहून ठेवली होती: माझे बाबा माझ्यासाठी खेळ सोडून आले.

तीन इंच म्हणजे काही फार नाही, असं ती स्वतःला सांगत राहिली. सुआमेच्या ट्रोट्रोत, म्हणजे मिनीबसमध्ये, खिडकीशी जागा मिळाली तरी दोनदा उठून उभी राहिली. कंडक्टर वैतागला. "बाई, बसा की! सीटला काटे आहेत का?"

सुआमेत जुन्या इंजिनांच्या ढिगाऱ्यामागे बुआडूकाकांचं दुकान होतं. ते बाबांबरोबर अलेक्झांड्रियाला खेळायला गेले होते आणि तिथे चार वर्षं राहिले होते.

"बस पोरी. नाही बसत? बापासारखीच. तोही बाकावर टिकत नसे."

"काका, बाबांची उंची किती होती?"

बुआडूकाकांनी पाना खाली ठेवला. "खरी की कागदावरची?"

ती दारापर्यंत जाऊन परत आली.

"कागदावर सहा आठ. बुटांसकट आणि केसांसकट! तेव्हा एवढे केस होते त्याचे. माझ्या अर्जावर सहा चार लिहिलंय. बघ माझ्याकडे. मी सहा चार दिसतो? कोचच भरायचा ते. वय दोन वर्षं खाली, उंची तीन इंच वर. ते कोणाला पाप वाटत नसे. अर्ज तसाच भरायचा असतो, एवढंच ठाऊक."

फोसुआने तिथूनच ओफोरीला फोन लावला. "मास्टर, तुमचं माप बरोबर आहे. कापा." फोन ठेवला. पण ती निघाली नाही.

"तिकडे हे कोणाला कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं. अनवाणी भिंतीला उभं केलं, डोक्यावर पाटी टेकवली. सहा पाच. मॅनेजरने ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, बास्केटखाली उभा राहायला आमच्याकडे सहा अकराचा माणूस आहे. तू बाहेरून खेळ. चेंडू घेऊन पळ, लांबून मार. शिकवतो."

"म्हणजे हाकललं नाही?"

"छे! करार तोच. पण जो जन्मभर बास्केटखाली उभा राहिला त्याला चेंडू घेऊन पळता येईना. बुटकी बुटकी माणसं त्याच्या हातातून चेंडू काढून न्यायची आणि हसायची. सात आठवडे काढले कसेबसे. मी म्हटलं, यॉ, शिकशील रे. म्हणाला, लहान व्हायला एवढ्या लांब आलो नाही मी. आणि गेला तिकीट काढायला."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी होणार होते."

बुआडूकाकांनी चिंध्यांनी हात पुसले. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत राहिले.

"आईचं पत्र आलं तुझ्या. दिवस जवळ आलेत म्हणून. तिकीट काढल्यावर दोन दिवसांनी. त्याने ते वाचलं आणि म्हणाला, बरं झालं, घरी सांगायला काहीतरी झालं." ते थांबले. "पोरी, हे मी बोलायला नको होतं."

"मी विचारलं ना."

"चांगला माणूस होता तो."

"ते मला माहीत आहे, काका."

बाहेर ऊन टिनावर आपटत होतं. चौकात केजेतियाला परत जाणारी एक ट्रोट्रो आली, गेली. दुसरी आली. तिने दोन्ही सोडल्या. चार वाजायला वीस मिनिटं होती. फोन वाजला. अग्येई, आत्याचा मुलगा, कुळाकडून सगळी पुस्तिका तोच बघत होता.

"अगं फोसुआ, कुठे आहेस तू? छापखानेवाला डोकं खातोय माझं. तुझं पान आहे तसं देऊ?"

"नाही. पहिली ओळ काढ."

"काढ? तीच तर सगळ्यात चांगली आहे. आई वाचून रडली."

"काढ. नवी सांगते, लिहून घे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. फोसुआ चौकाच्या कडेने चालू लागली, वळली, पुन्हा उलटी चालू लागली. काय खोटं नव्हतं? परत आले हे खोटं नव्हतं. पुढे एकतीस वर्षं राहिले, कधी कुठे गेले नाहीत. आणि मुलाला नाव बापानेच द्यायचं असतं; त्यासाठी बाप जागेवर लागतो.

"लिही," ती म्हणाली. "बाबा परत आले. माझ्या जन्माच्या आठव्या दिवशी पहाटे त्यांनी मला अंगणात आणलं आणि आपल्या आजीचं नाव दिलं."

अग्येईने लिहून घेतलं. मग म्हणाला, "का परत आले ते राहिलं."

"राहू दे."

"अगं, लोकांना तेच ऐकायचं असतं! अख्खं गाव येणार आहे. आणि पुस्तिकेतल्या चरित्रात मी सहा फूट आठ लिहिलंय, पोस्टरवरही—"

"चरित्र तुमच्या घरचं आहे. त्यात मी बोट घालत नाही. हे पान माझं."

मग नाखुशीने त्याने ती दोन वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली. त्याच्या आवाजात ती फार छोटी वाटली.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच. छाप."