दमाची पैज

माणसाचं नावसुद्धा चोरीला जाऊ शकतं, हे मुखरूला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं. आणि चोरीच्या मालाची दवंडी आपल्यालाच पिटावी लागते, हे त्यानंतर चार महिन्यांनी.

चोर काही भिंत फोडून आलेला नव्हता. चांगला धोतर-कोटातला, चांद्याचा लाकूडठेकेदार गुणवंतराव. त्यानं पगारी कबड्डीचा संघ पोसला होता. नाव 'वाघ कंपनी'. धान मळून झालं, लोकांचे हात मोकळे झाले, की कंपनी ट्रकात बसायची आणि होळीपर्यंत वरोरा, मूल, सिंदेवाही, चामोर्शी अशी जत्रेजत्रेनं हिंडायची. बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण, आत मैदान, दारावर तिकीट. पण नुसत्या कबड्डीला तिकीट काढून येतो कोण? ती तर गावची पोरं फुकटात खेळतात. म्हणून गुणवंतरावाच्या डोक्यातून रोज एक नवं खूळ निघायचं. आज पहिल्या शंभरांना कागदी वाघाचा मुखवटा. उद्या बायकांना तिकीट माफ, वर हातभर बांगड्या. परवा ज्याची चिठ्ठी निघेल त्याला बोकड. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे मुखरू.

'भामरागडच्या जंगलात वाघिणीच्या दुधावर वाढलेला मुखरू!' असं पत्रकावर छापलेलं असायचं. मुखरूनं भामरागड जन्मात पाहिलं नव्हतं. तो घोटच्या पलीकडल्या मोहाटोल्याचा, आणि वाढला तो आंबिलीवर आणि मायच्या शिव्यांवर. पण गुणवंतरावानं त्याला त्याचं गाव कधी विचारलंच नाही. दहा वर्षं ज्याचं नाव विकून खाल्लं, त्याचं गाव कोणतं हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

दम मात्र मुखरूचा खरोखरच अचाट. तोंडाला वाघाचा मुखवटा बांधून तो मैदानात उतरायचा, मुखवटा भिरकावायचा आणि एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' करत समोरच्या अर्ध्या गड्यांना शिवून परत यायचा. श्वास संपायचा नाही, लोकांच्या टाळ्या संपायच्या.

कंपनीतल्या आठव्या वर्षी मूलला गुणवंतरावाला 'वाघाची उडी' सुचली. मुखवटा बांधून मुखरूनं सागवानी ओंडक्यांच्या ढिगावरून मैदानात उडी मारायची. मुखरू म्हणाला, "मुखवट्यातून खालचं दिसत नाई मालक, अन् लाकडं बांधली नाईत." गुणवंतराव म्हणाला, "पत्रकं वाटून झाली गा, आता काय?" ओंडके घरंगळले, आणि मुखरूचा उजवा गुडघा त्यांच्याखाली सापडला.

त्याला एका हाडवैद्याच्या ओसरीवर टाकून कंपनी दुसऱ्या दिवशी सिंदेवाहीला गेली. तिथं वरोऱ्याच्या कापूस प्रेसमधला लटारू नावाचा तरणाबांड गडी मुखवटा बांधून उतरला, आणि गुणवंतराव ओरडला, "हा पाहा मुखरू!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांचं काय, त्यांनी मुखवटाच पाहिलेला.

चार महिन्यांनी मुखरू काठी टेकत चांद्याला आला तेव्हा गुणवंतरावानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाय गेला तं जाऊ दे ना. आवाज तं शाबूत हाये!" असं म्हणून त्यानं त्याच्या गळ्यात डफडं अडकवलं, हातात पत्र्याचा भोंगा दिला आणि लोकांना हसू यावं म्हणून तोंडाला चुना फासला. पहिल्या बाजारात मुखरूच्या तोंडून नाव फुटेना. "मुखरू आला हो, मुखरू..." एवढंच तो भोंग्यात पुटपुटला.

"जोरानं बोल गा," गुणवंतराव मागून म्हणाला. "मांगं आयकू येत नाई."

मग तो जोरानं बोलला. दोन हंगाम बोलत राहिला. जेवायच्या पंगतीतसुद्धा लटारूला सगळे मुखरूच म्हणायचे, आणि मुखरूला म्हणायचे 'भोंगा'. "मुखरूले भात वाढ, भोंग्याले वरण दे." तुम्ही म्हणाल, निघून का नाही गेला? कुठं जाणार? लंगडा पाय घेऊन मायच्या दारात उभं राहायची त्याला लाज वाटायची. निदान बाजाराबाजारात नाव तर गाजतंय, मायच्या कानावर तर जात असेल, अशी तो मनाची समजूत घालायचा. लाजेइतकं वाईट औषध नाही, दुखणं तसंच ठेवून ते माणसाला गुंगवतं.

आत मात्र तो जळत होता. सरळ सांगायचं तर त्याला सूड हवा होता. गुणवंतरावाचा जीव नको होता त्याला, जीव काय एकदाच जातो. त्याला गुणवंतरावाची अब्रू हवी होती, आणि तीही भरल्या जत्रेत, भोंग्यातून.

संधी गुणवंतरावानंच आणून दिली. तिसऱ्या हंगामाला त्यानं नवं खूळ काढलं: दमाची पैज. खेळाआधी गावातल्या कुणीही यावं, मुखरूसमोर म्हणजे लटारूसमोर बसावं, एका श्वासात 'कबड्डी' म्हणत राहावं. डफड्याचे ठोके मोजायचे. पत्रकावर ठळक अक्षरात छापलं, 'जो मुखरूला दमात हरवील, तो मागेल ते मिळेल!' गावंच्या गावं लोटायला लागली. लटारूला मात्र कुणीच हरवू शकत नव्हतं. खरं तर त्याचा दम चाळीस ठोक्यांचा. पण चाळिसाव्या ठोक्याला तो कान खाजवायचा, की मुखरूनं डफड्यावर घाईघाईनं दणदणाट करायचा, आणि त्या आवाजात लटारू श्वास चोरून घ्यायचा. नाव चोरलेला माणूस श्वासही चोरायला लागला, आणि चोरी झाकायला पुन्हा मुखरूचेच हात.

पहिल्या दिवशी असं झाकल्यावर मुखरू रात्रभर तळमळला. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडावर हसू होतं. त्या दिवसापासून दवंडी पिटायला जाता-येता, जंगलातल्या वाटेनं एकटा चालताना, तो पुटपुटायला लागला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. पाय मोडला होता, छाती नाही. साठ पावलं, ऐंशी, शंभर. माघ लागला तेव्हा एका श्वासात तो एका नाल्यापासून दुसऱ्या नाल्यापर्यंत जात होता.

मग एका सकाळी तो गुणवंतरावाला सहज म्हणाला, "मालक, घोटच्या आत मोहाटोला म्हनून गाव हाये. माघात जत्रा भरते, दहा गावचे लोक येते. आपन कधी गेलो नाई तिकडं."

"रस्ता हाये का?"

"ट्रक जाते, मालक."

"मंग चाल!" गुणवंतराव खूश झाला. स्वतःच कुऱ्हाडीवर पाय मारायला निघालेल्या माणसाला आपण थांबवू नये, असं मुखरूचं मत होतं.

मोहाटोल्याची जत्रा फुललेली होती. मुखरूच्या तोंडावर चुन्याचा थर, डोक्याला मोठं मुंडासं. त्यानं मान खाली घालून दवंडी दिली. बायकांच्या घोळक्यात त्याला माय दिसली. बुधरी. आधीच बारकी, आणखी वाळली होती. त्यानं नजर काढून घेतली. आता नाही, थोडं थांब माय, असं तो मनात म्हणाला.

पैज लागली. गावचा म्हातारा पाटील लालसू पंच म्हणून मधे बसला. आधी गावचा एक गडी बसला, त्याचा दम एकसष्ट ठोक्यांना तुटला. मग लटारू बसला. मुखरू सावकाश ठोके देत राहिला. तीस. पस्तीस. चाळिसाला लटारूनं कान खाजवला.

मुखरूनं एक ठोका दिला, साधा.

लटारूनं पुन्हा कान खाजवला. त्याचा चेहरा लाल झाला, डोळे मुखरूकडं वळले. त्या डोळ्यांत काकुळत होती, आणि खोटं कशाला बोला, ती पाहून मुखरूला बरं वाटलं. त्यानं डफड्याचं टिपरू वर उचललं आणि वरच धरलं. जत्रेत आवाज म्हणून उरला नाही. आणि त्या शांततेत लटारूनं लोहाराच्या भात्यासारखा श्वास आत ओढला. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"वाजव ना बे!" गुणवंतराव ओरडला.

लोक आधी हसले, मग ओरडायला लागले. गुणवंतरावानं हात जोडून सांगून पाहिलं, 'मुखरूले आज सर्दी हाये, ठसका लागला.' मुखरूनं गळ्यातलं डफडं काढून लालसूच्या पुढ्यात ठेवलं.

"मी बसतो पैजेले," तो म्हणाला. "एकसष्टाच्या वर गेलो तं मागनं माहं."

गुणवंतरावाला वाटलं, बरं झालं, लोक हसतील आणि विषय बदलेल. "बसा हो भोंगेराव!" तो मोठ्यानं म्हणाला. "आमचा लंगडा बी मुखरूले हरवून पाहते!"

लालसू ठोके द्यायला लागला. मुखरूनं डोळे मिटले. कबड्डी, कबड्डी. चाळीस गेले. एकसष्ट गेले. शंभराला लोक उभे राहिले. मुखरूच्या मिटल्या डोळ्यांपुढं मूलचे ओंडके होते, हाडवैद्याची ओसरी होती, 'भोंग्याले वरण दे' होतं, आणि त्या रागावर त्याचा दम चालला होता. एकशे चव्वेचाळिसाला त्यानं तोंड मिटलं. तुटला म्हणून नाही. पुरे झालं म्हणून.

"माग," लालसू म्हणाला. "पत्रकावर लिवलं हाये, मागीन ते."

"बोकड देतो, शेला देतो," गुणवंतराव पुढं झाला. "लंगडा वाघ! पुढच्या साली तुह्याच नावानं..."

"माह्याच नावानं तं खाऊन राह्यले तुमी दहा साल," मुखरू म्हणाला. "बोकड नाई पायजे. हे डफडं गळ्यात घाला. इथून वरोऱ्यापर्यंत जेवढे बाजार लागते, तेवढ्या बाजारात स्वतः वाजवा. अन् सांगा, का मुखरूचा पाय मी मोडला, मुखरूचं नाव मी चोरलं, अन् तुमाले खोटा मुखरू दाखवला. पायी जाचं. ट्रकात नाई."

गुणवंतराव हसला. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. लालसू उठून ट्रकच्या तोंडापुढं जाऊन बसला. त्याच्यामागं एक-एक करून अख्खं गाव बसलं. कुणी काठी उगारली नाही, कुणी शिवी दिली नाही. लालसू एवढंच म्हणाला, "जिभेनं देल्लं ते देल्लं. देल्ल्याबिगर आमच्या गावातून कोनी जात नाई." वाघ कंपनीचे गडीही खाली मान घालून गावकऱ्यांत जाऊन बसले. सगळ्यात आधी लटारू बसला. शेवटी गुणवंतरावानं कोटावरून डफडं अडकवलं. पट्टा त्याच्या पोटाला नीट बसेना. भोंगा तोंडाला लावून तो तिथल्या तिथं पहिली दवंडी पुटपुटला, तेव्हा मुखरूला वाटलं, दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्या पोटात अन्न गेलं.

आता एकच उरलं होतं. त्यानं घागरीतलं पाणी घेऊन तोंड धुतलं, मुंडासं काढलं आणि लोकांसमोर उभा राहिला.

"मी मुखरू. बुधरीचा."

हलकल्लोळ होईल असं त्याला वाटलं होतं. कुणी हललं नाही. लालसू म्हणाला, "मालूम हाये."

बुधरी उठून पुढं आली. तिनं ना त्याच्या पायाकडं पाहिलं, ना त्याला जवळ घेतलं.

"मांगच्या साली घोटच्या बाजारात कोंबडा इकाले गेलती मी," ती म्हणाली. "भोंगा आयकला. तोंडाले चुना लावला म्हनून माय आवाज विसरते का रे? पयले वाटलं, माह्या लेकाले पाहीन. मंग पाहते तं काय, तू वरडून राह्यला, मुखरू आला, मुखरू आला, अन् बोट दुसऱ्याकडं. मी कोंबडा तसाच घेऊन घरी आली. गावात सांगतलं, माहा मुखरू आता माहा नाई राह्यला."

"त्यानं चोरलं, माय. मी का करू?"

"चोरलं तं चोरलं. लंगडा होऊन आला असता तं मी काय उंबरठ्याबाहेर ठेवलं असतं?" तिचा आवाज चढला. "दोन साल वरडणारं तोंड कोनाचं होतं? त्याचं का तुहं?"

मुखरूनं कानामागं उरलेला चुना बोटानं पुसला.

"त्याच्या संगं तू बी जा," बुधरी म्हणाली. "वरोऱ्यापर्यंत. मंग ये घरी."

दुसऱ्या दिवशी घोटचा बाजार भरला होता. पुढं गुणवंतराव, धुळीनं कोट भरलेला, डफडं बडवत, धापा टाकत. मागं काठीवर मुखरू. गुणवंतरावाची दवंडी झाली. लोक हसले, कुणी थुंकलं. मुखरूनं या घटकेची दोन वर्षं वाट पाहिली होती, आणि ती आली तशी गेली. मग भोंगा त्याच्या हातात आला. समोर कोंबड्यावाल्या बायकांच्या रांगेत बुधरी टोपली घेऊन बसली होती.

"मी मोहाटोल्याच्या बुधरीचा मुखरू," तो म्हणाला. "दोन साल मी खोटी दवंडी देल्ली..."

भोंगा तोंडापासून खाली आला.

"जोरानं बोल," बुधरी बसल्या जागेवरून म्हणाली. "मांगं आयकू येत नाई."

मुखरूनं छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.