ओळख पटण्यापुरता राग

आमचे बाबा फर्निचरच्या दुकानात तक्रार खिडकीवर बसतात. लोक येतात, कपाटाचं दार लागत नाही म्हणून बाबांवर तोंडसुख घेतात आणि बाबा ऐकून घेतात. या नोकरीने त्यांच्या चेहऱ्यावर एक मंद हसू बसवलंय, सोफ्याला कव्हर बसवतात तसं. ते घरीही उतरत नाही. आई म्हणते, "अहो, नळ गळतोय." बाबा म्हणतात, "तुला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून वाईट वाटतं." नळ गळत राहतो. वाईट मात्र त्यांना खरोखर वाटत असतं.

दुकानाचा एक जुना नियम आहे: नोंदवलेली तक्रार निकाली निघेपर्यंत खिडकी बंद करायची नाही. त्यामुळे एखाद्याचा पलंग करकरला की आमच्याकडे जेवण गार होतं.

त्या रविवारी बाबांचा फोन आपणहून अपडेट झाला. अंघोळ करून येईपर्यंत सगळं इकडचं तिकडे. फोन लावायचं बटण कुठल्या कुठे गेलेलं, अक्षरं मुंगीएवढी, आणि वर एक वाक्य: "अभिनंदन, तुमचा फोन आता अधिक हुशार झाला आहे." बाबा बराच वेळ बटण शोधत होते. मग फोनने विचारलं, "हे तुम्हीच आहात का? चेहरा नोंदवा."

"माझ्या खिशात राहतो," बाबा म्हणाले, "आणि मलाच विचारतो तू कोण."

त्यांच्या कपाळाची शीर उठली, नाकपुड्या फुगल्या, खालचा ओठ पुढे आला. फोनने नेमका तेवढाच क्षण टिपला आणि धन्यवाद म्हणाला. मग त्याने गुप्त आकडा मागितला. बाबांनी बोट आपटलं तिथे जे होतं ते दिलं, आणि काय दिलं ते त्यांनाही आठवेना. पुढच्या मिनिटाला राग ओसरला, हसू जागेवर आलं आणि फोन कायमचा मिटला. समोर धरला की म्हणायचा, "चेहरा ओळखता आला नाही."

"बाबा, नोंदवताना चेहरा कसा होता?" मी विचारलं.

"माझाच होता."

"मी पाहिलाय," आई म्हणाली. "मला वाटलं कुणीतरी पाहुणे आलेत."

एरवी आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण दुकानाने नुकतीच तक्रारवही माळ्यावर टाकून सगळ्या तक्रारी फोनवर घ्यायला सांगितलं होतं. शनिवारी मालक स्वतः येऊन ठरवणार होते की खिडकी ठेवायची की तिथे कॉफीचं मशीन बसवायचं. फोन पुसून नव्याने सुरू करायचा, तर त्यावर दुकानाची तक्रारवही पुन्हा जोडायला ऑफिसकडे परवानगी मागावी लागणार. आणि ऑफिस त्याचीच वाट बघत होतं: बघा, काकांना फोन जमत नाही.

"म्हणजे तुम्हाला रागवायला लावायचं," आई म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच उत्साही होता.

ती कामाला लागली. चहा मुद्दाम बिनसाखरेचा दिला. बाबा म्हणाले, छान, तब्येतीला बरा. तिने त्यांच्या मेव्हण्याचं तोंडभरून कौतुक केलं. बाबांनी भर घातली. शेवटी मी सहज म्हणून म्हटलं, "तुमचा फोन आता अधिक हुशार झाला आहे."

शीर उठली. ओठ पुढे आला. फोन उघडला. चेहरा बदलायला मात्र त्याने तोच गुप्त आकडा मागितला.

सोमवारपासून बाबा ते वाक्य तोंडातल्या तोंडात पुटपुटत कामावर बसू लागले. पहिल्याच बाई जेवणाच्या टेबलाची तक्रार घेऊन आल्या. टेबलाचा एक पाय लंगडा होता. बाबांनी हसून ऐकलं, मान खाली घातली, काहीतरी पुटपुटले आणि वर पाहिलं तेव्हा चेहरा असा, की बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"अहो काका," त्या म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नका. टेबलच आहे. मी खाली पुठ्ठा लावीन."

आणि त्या तक्रार न नोंदवताच गेल्या.

मग हे असंच चालू झालं. आपल्या खुर्चीसाठी कुणीतरी इतकं पेटून उठतंय हे लोकांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते तावातावाने यायचे आणि बाबांची समजूत घालून परत जायचे. एका गृहस्थांनी त्यांना पाणी आणून दिलं. शेजारच्या बिलाच्या काउंटरवर बसणाऱ्याला सगळे फेव्हिकॉल म्हणतात, कारण तो जागचा हलत नाही. तो उठून बघायला आला. "काका, तुमच्यात हे होतं कुठे?" त्याने विचारलं.

"अपडेटमध्ये आलं," बाबा म्हणाले.

शनिवारी मालक आले. मी मुद्दाम डबा द्यायच्या निमित्ताने गेले होते. त्यांनी आपल्या फोनवर आठवड्याचा हिशोब पाहिला. नोंदवलेल्या तक्रारी: शून्य.

"वा," मालक म्हणाले. "गिऱ्हाईक खूश आहे."

बाबांचं हसू आणखी रुंद झालं.

"मग खिडकी हवी कशाला?" मालक म्हणाले. "तक्रारीच नाहीत तर तुम्ही बसून करणार काय? कॉफीचं मशीन सोमवारी बसवू."

बाबांनी समजावलं की लोक तक्रार घेऊन येतात, पण इथे आल्यावर निवळतात. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मान हलवून मंद हसले आणि म्हणाले, "तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं."

मी बाबांकडे पाहिलं. ते काहीच पुटपुटत नव्हते. तरी कपाळाची शीर उठली. नाकपुड्या फुगल्या. ओठ तर रविवारपेक्षाही पुढे आला. समोर स्टँडवर ठेवलेला फोन झटकन उघडला आणि त्याने तक्रारीचा कोरा रकाना पुढे केला.

उघडलाच आहे म्हटल्यावर बाबांनी सवयीने लिहायला घेतलं. तक्रारदार: मी. वस्तू: खिडकी. त्रासाचं स्वरूप: बंद होते आहे.

पाठवून दिल्यावर मालकांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी वाचलं.

"हे काय आहे?"

"तक्रार," बाबा म्हणाले. "निकाली निघेपर्यंत खिडकी बंद करता येत नाही. नियम तुमच्या वडिलांनी केलाय."

"मग काढा निकाली."

"तक्रारदाराचं समाधान झालं की लगेच."

"झालं का?"

बाबांनी प्रामाणिकपणे थोडा विचार केला. "नाही," ते म्हणाले.

मालकांनी फोन खिशात टाकला. जाताना हळूच म्हणाले की त्यांच्या घरचा पलंगही करकरतो, त्याचं काही होईल का. बाबांनी तेही नोंदवून घेतलं.

कॉफीचं मशीन आता जिन्याखाली आहे. बाबांची तक्रार अजून निकाली निघालेली नाही, तक्रारदार ऐकत नाही. खिडकी रात्रीही उघडीच असते; तक्रारदार मात्र जेवायला घरी येतो. फोन रोज एक चिठ्ठी दाखवतो: नवीन अपडेट आलंय, चेहरा पुन्हा नोंदवा. बाबा रोज 'नंतर' दाबतात.

परवा आई म्हणाली, "अहो, नळ अजून गळतोय."

बाबा ताडकन म्हणाले, "मग मी काय करू? प्लंबर आहे का मी?"

 आईने पदर खोचला, समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "हां. आता बोला. लग्नापासूनचं बरंच साठलंय माझ्याकडे."