पुतळ्यातले सासरे

गांधीबागेतल्या कापड दुकानाचा म्हातारा मालक वारतो, शोकेसमधल्या पुतळ्यात शिरतो आणि त्याचं बोलणं फक्त सुनेला ऐकू येतं, अशी सोनिकाच्या सिनेमाची गोष्ट होती. पहिल्या दहा मिनिटांतच चारुशीलाच्या पोटात दुखायला लागलं. हे आपल्याला का नाही सुचलं?

कॉलेजात दोघी मिळून एकांकिका करायच्या. लिहायची चारुशीला, बसवायची सोनिका. बक्षीस यायचं ते लेखनाला. पुढे चारुशीला प्रताप नगरात शिकवण्या घेऊ लागली आणि सोनिका मुंबईला गेली. आता ती स्वतः लिहिलेला सिनेमा घेऊन आली होती. थेटरात लागण्याआधी ओळखीच्यांसाठी एक खेळ ठेवला होता.

पडद्यावर एक गिऱ्हाईक बाई दुकानात आली आणि पुतळा सुनेला धंदा शिकवू लागला, "तिले खुर्ची दे, पाणी दे. आता ते रिकाम्या हातानं उठत नाही." लोक खदखदून हसले. चारुशीलालाही हसू आलं, पण ती ओढणी तोंडाशी धरून खोकली.

मध्यंतरानंतर पुतळा दुकानाबाहेर पडला. उडायला लागला. मग एक तांत्रिक आला, मग स्मगलर. हसू विरत गेलं, कोणी कोणी मोबाईल काढले. चारुशीला मात्र खुर्चीत आरामात रेलली.

खेळ संपल्यावर सोनिका दाराशीच उभी होती. "कसा वाटला वं? खरं सांग."

"मस्त," चारुशीला म्हणाली. असाच लागू दे थेटरात, असं तिच्या मनात होतं.

"सगळे मस्तच म्हणून राहिले, अन् नजर चोरून राहिले. अजून कापता येते, पण काय कापू तेच उमजत नाही. तुले बरोबर समजत होतं पहिले."

"होतं" हा शब्द चारुशीलाला झोंबला.

"आताही समजते मले! म्हाताऱ्याले दुकानाबाहेर काढलंच काहून? बाहेर गेला की तो कोणतंही भूत. ते उडणं, तो तांत्रिक, सगळं काप. सुनेले दुकान जमू लागलं की त्याचा आवाज तिले कमी कमी ऐकू येऊ दे. मग एक दिवस सून काही विचारते अन् पुतळा बोलतच नाही. बस."

सोनिकानं तिचे दोन्ही हात धरले.

सिनेमा लागला तेव्हा चारुशीला एकटीच तिकीट काढून गेली. शेवटी सून पुतळ्याला भाव विचारते आणि उत्तर येत नाही, तेव्हा सगळं थेटर गप्प झालं. शेजारची बाई डोळे पुसत होती. नावं वर सरकली. आभारांच्या गर्दीत तिचंही नाव येऊन गेलं. 'लेखन-दिग्दर्शन: सोनिका' मात्र ठळक, एकटं. चारुशीलाला तो एकटेपणा बघवेना.

बाहेर येऊन तिनं फोन लावला. "पुढचा कोण लिहून राहिलं?"

"मीच. काहून?"

"तू नको लिहू. मी लिहितो."

सोनिका म्हणाली, "बरं. पण नाव दोघींचं."

चारुशीलानं त्यालाही लगेच हो म्हटलं नाही.