तांबूच्या वेळा

दिवाळीला आलेली निकिता परत नाशिकला जायला निघाली, तेव्हा तिनं बापाच्या मांडीवर दीड महिन्याचं एक पिल्लू आणून ठेवलं आणि घरात जिवाची काही तरी हालचाल असू द्या, एवढं म्हणून ती वाशीमच्या जीपमध्ये बसली. शेजारच्या चंदाच्या गोठ्यात कुत्री व्याली होती, त्यातलं हे सर्वांत शांत. तांब्याच्या गडव्यासारखा रंग, म्हणून जगदेवनं त्याला तांबू म्हटलं. नाव ठेवण्यापलीकडं त्याला त्या पिल्लाचं फारसं काही करायचं नव्हतं. पण संध्याकाळ होईपर्यंत तांबूनं धान्याच्या कोठीजवळ, चपलांवर आणि उंबऱ्यात असं तीनदा ओलं केलं, आणि करायचं नसलेलं काम आपोआप सुरू झालं.

रिठद या गावीच जगदेवचं सात एकर शेत होतं. बायकोला, गोजराबाईला, लकवा झाला त्या वर्षी त्यानं ते पुतण्याला बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं, आणि गेल्या माघात ती वारल्यावरही परत मागितलं नाही. तीन वर्षं ती अंथरुणाला होती. उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. आतल्या खोलीतला तिचा लोखंडी पलंग, त्यावरची कापसाची गादी, सगळं तसंच होतं. जगदेव बाहेरच्या खोलीत बाजेवर झोपायचा, चूल पेटवायचा, भाकरी करायचा आणि दिवस उरला की ओसरीत बसून रस्त्यावरच्या गाड्या पाहायचा.

निकिता रात्री फोनवर आवाजी निरोप पाठवायची आणि तो सकाळी दोन-दोनदा ऐकायचा. पिल्लू झोपून उठलं की बाहेर न्यायचं, खाल्लं की न्यायचं, खेळून झालं की न्यायचं, शिवाय दर दोन तासांनी एकदा. रोज एकाच जागी. घरात केलं तर मारायचं नाही, ओरडायचंही नाही, गुपचूप पुसून घ्यायचं. गुपचूप पुसून घेणं जगदेवला कोणी शिकवायची गरज नव्हती. अंगणाच्या टोकाला संडास होता, त्याच्या भिंतीशी माती भुसभुशीत होती, तीच जागा त्यानं ठरवली. घराच्या दारापासून ती अकरा पावलांवर. गोजराबाईला काखेत हात देऊन नेताना याच अकरा पावलांची तीस-पस्तीस व्हायची.

तांबू आठवड्यात शिकला. घरात ओलं करणं थांबलं. पण दोन तासांचा हिशेब त्याला मान्य नव्हता. जगदेव त्याला आठला नेई, दहाला नेई, तेव्हा ते पिल्लू भिंतीशी उभं राहून नुसतं त्याच्या तोंडाकडं पाही. आणि भलत्याच वेळी, आपणहून, दाराशी जाऊन बसे.

"चार दिवस त्याच्या वेळा लिहून ठेवा बाबा," निकिता म्हणाली. "मग आपल्याला त्याचं कळेल."

जगदेवनं कॅलेंडरच्या जुन्या पानामागं वेळा लिहिल्या, आणि पाचव्या दिवशी सकाळी चष्मा लावून फोनवर तिला वाचून दाखवायला लागला. "साडेपाच. साडेआठ. सव्वाअकरा." पुढची वेळ कागदावर पाहायच्या आधीच त्याच्या तोंडून निघाली. "पावणेतीन." मग तो थांबला. उरलेल्या दोन वेळाही त्याला पाठ होत्या, संध्याकाळचे सहा आणि रात्रीचे नऊ.

"बाबा? हॅलो?"

"रेंज गेली होती," तो म्हणाला.

त्या गोजराबाईच्या वेळा होत्या. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून डॉक्टरनं तिला ठरावीक वेळी न्यायला सांगितलं होतं, आणि दोन महिने खपून जगदेवनंच तिला त्या लावल्या होत्या. नंतर घड्याळ पाहावं लागायचं नाही. वेळ झाली की ती डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या दांडीवर टकटक वाजवायची आणि तो हातातलं काम टाकून उठायचा.

जगदेव अडाणी नव्हता. त्यानं विचार केला, की तीन वर्षांची सवय माझ्या अंगात आहे, त्या त्या वेळी मीच चुळबुळ करत असेन आणि पिल्लू माझ्याकडं पाहून उठत असेल. खात्री करावी म्हणून एक दिवस त्यानं घराला कुलूप लावलं, तांबूला अंगणात मोकळं सोडलं आणि दहा वाजताच तो मारुतीच्या पारावर जाऊन बसला. बारानंतर परतला तेव्हा चंदा आपल्या दारात ज्वारी निवडत होती.

"काका, तुमचं पिल्लू लय रडून राह्यलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"अकरा वाजून गेले असतीन. तुमच्या दाराकडं तोंड करून बसलं होतं."

"बाहेरच तर होतं ते. मोकळं होतं."

"हाव ना. म्हणून तर म्या पाह्यलं. आतून कोणी यावं अन् यानं संग जावं, तसं करून राह्यलं होतं." चंदा सुपाकडं पाहत होती. गोजराबाईला न्हाऊ घालायला तीन वर्षं तीच यायची. थोड्या वेळानं तिनं सूप उचललं आणि ती घरात गेली.

त्यानंतर जगदेव लक्ष देऊन पाहू लागला. दार उघडलं की कुठलंही पिल्लू उड्या मारत पळतं. तांबू त्या ठरलेल्या वेळांना पळत नसे. आधी आतल्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन तो थांबे, मग वळे, उंबऱ्यापाशी अंग चोरून बाजूला होई आणि कोणाला तरी वाट दिल्यासारखा उभा राही. मग अंगणातून तो इतका सावकाश चाले, की एवढ्याशा पायांना तसं चालणं जड जात असलं पाहिजे. मध्ये हौदापाशी दोनदा थांबे. भिंतीशी आपलं उरकलं तरी परत फिरत नसे. संडासच्या बंद दाराकडं तोंड करून बसून राही, आणि मग एकदम, काम झाल्यासारखा, उठे.

पावणेतीनची गोष्ट मात्र वेगळी होती. त्या वेळी तो पलंगासमोर जाऊन बसायचा आणि तिथून हलायचाच नाही. कुं कुं करत जगदेवकडं पाहायचा. जगदेव त्याला उचलून बाहेर नेई, तर तो हातातून सुटून परत पलंगापाशी. चार वाजेपर्यंत हे चाले.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी जगदेव तुरीचं शेत पाहायला गेला. तांबूला त्यानं बरोबर नेलं होतं आणि घराला कुलूप होतं. परत आल्यावर आतल्या खोलीत पाऊल टाकताच त्याला तो वास आला. गादी मधोमध, जिथं तीन वर्षांत खोलगट झाली होती तिथं, ओली होती. हात लावून पाहिला तर अजून कोमट होती.

त्यानं गादी अंगणात आणून कुडावर टाकली. चंदा पाणी भरायला निघाली होती, ती थांबली.

"पिल्लानं केलं का, काका?"

"हाव."

तिनं पायाशी घुटमळणाऱ्या तांबूकडं पाहिलं, मग गादीकडं. पलंग तिच्या कमरेएवढा उंच होता, ते तिला ठाऊक होतं. पदर नाकाला लावून निघून गेली, आणि त्यानंतर तिनं जगदेवकडं ताक पाठवणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी गादी पुन्हा ओली झाली, आणि तिसऱ्या दिवशीही. जगदेवनं ती पुसली, धुतली, वाळवली. कोणाला सांगितलं नाही. कारण सांगायचं तर आधी दुसरं काही सांगावं लागलं असतं. गोजराबाई गेली त्या माघातल्या दुपारीही पावणेतीन वाजता अंगठी वाजली होती. आदल्या रात्री तिला खोकला होता, जगदेवच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पाच मिनिटं, असं तो मनात म्हणाला आणि कुशीवर वळला. अंगठी वाजत राहिली, मग थांबली. त्याला जाग आली तेव्हा चार वाजले होते. गोजराबाई पलंगाच्या कडेला आडवी झाली होती, तिचा डावा पाय खाली टेकलेला होता आणि डाव्या हाताचं अंगठीचं बोट दाराच्या दिशेला होतं. गादी ओली होती. लोकांना बोलवायच्या आधी त्यानं तिचं लुगडं बदललं, गादी उलटली, तिला नीट सरळ निजवलं; आणि झोपेतच गेली, असं सगळ्यांना सांगितलं. निकितालाही.

चौथ्या दिवशी जगदेव दुपारी आडवा झाला नाही. पावणेतीनला तांबू उठून आत गेला, तेव्हा तो त्याच्या मागं गेला. पलंगाशी वाकून, पूर्वी द्यायचा तसा काखेत हात दिल्यासारखा त्यानं हात पुढं केला.

"चाल, गोजरा," तो म्हणाला.

हाताला काही लागलं नाही, वजनही जाणवलं नाही. पण तांबू वळला, पुढं झाला, आणि त्याच्या मागून जगदेव तीस-पस्तीस पावलं चालत संडासच्या दारापर्यंत जाऊन आला. त्या दिवशी गादी कोरडी राहिली.

मग तो रोज तसंच करू लागला, सहाही वेळा. गावात कोणी विचारलं तर पिल्लाला शिस्त लावतो आहे, असं सांगे, आणि ते खोटंही नव्हतं. त्याला बरं वाटायला लागलं होतं. दिवसाला पुन्हा खुंट्या ठोकल्यासारख्या वेळा आल्या होत्या, आणि दोन वेळांच्या मधला काळ पूर्वीसारखा अंगावर येत नव्हता. निकिता म्हणायची, बाबा, तुमचा आवाज किती सुधारला.

संक्रांतीला ती चार दिवसांसाठी आली. तांबू घरात घाण करत नाही, हे पाहून तिला फार कौतुक वाटलं. ऑफिसातल्या लोकांना दाखवायला तिनं त्याचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर, बाहेर उन्हाची तिरीप येते म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि आईच्या पलंगावर आडवी होताच तिला झोप लागली. जगदेवला तिला उठवावंसं वाटलं, पण काय सांगून उठवणार?

पावणेतीनला तांबू आत गेला. जगदेव दारात उभा राहिला. आज राहू द्यावं, असं त्यानं ठरवलं. पण पिल्लू कुं कुं करू लागलं आणि त्या आवाजानं त्याचे पाय आपोआप पलंगापाशी गेले. त्यानं हात पुढं केला. नाव मात्र घेतलं नाही.

निकितानं डोळे उघडले नाहीत. तिनं डावा हात वर करून बापाच्या खांद्यावर टाकला आणि ती उठली. या वेळी वजन होतं. ओळखीचं, एका बाजूला झुकलेलं वजन. उजवा पाय फरशीवर घासत ती त्याच्याबरोबर उंबऱ्यापर्यंत आली, अंगणात उतरली, हौदापाशी दोनदा थांबली. जगदेवला तिच्या तोंडाकडं पाहायचं धैर्य झालं नाही. संडासच्या दाराशी त्यानं तिला सोडलं आणि तो पाठ करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं कडी वाजली. त्यानं तिला परत आणून पलंगावर निजवलं.

साडेचारला ती उठली, केस बांधत बाहेर आली, आणि चहा पिताना म्हणाली, "किती गाढ झोप लागली. नाशिकला अशी कधी लागत नाही." मग कप खाली ठेवून, तांबूच्या पाठीवरून हात फिरवत तिनं विचारलं, "बाबा, आई गेली त्या दिवशी तिनं तुम्हाला उठवलं होतं का?"

"नाही," जगदेव म्हणाला.

"सहजच विचारलं."

उरलेले दोन दिवस तो तिला दुपारी झोपू देईना. कधी चुलत्याकडं चल म्हणाला, कधी शेतात हरभरा पाहायला. चौथ्या दिवशी ती जीपमध्ये बसली. तांबू जीपमागं रस्त्याच्या वळणापर्यंत धावला, तिथं थोडा वेळ उभा राहिला आणि शेपटी हलवत परत आला.

त्या संध्याकाळी सहाला तो दाराशी गेला नाही. आठच्या सुमाराला त्यानं कोठीजवळ ओलं केलं. दुसऱ्या दिवशी बाजेखाली केलं, चपलांवर केलं. जणू त्याला कधी कोणी काही शिकवलंच नव्हतं. कोणत्याही वेळी तो अंगणात सुसाट पळत सुटे, हौदाला वळसा घाली, वाटेल तिथं पाय फाकवून बसे. जगदेव सवयीनं पावणेतीनला पलंगाशी जाऊन हात पुढं करायचा, तेव्हा तांबू बाहेर उन्हात पोट वर करून झोपलेला असायचा. गादी कोरडीच राहिली. घरात आता खरोखरच कोणी नव्हतं. माघ लागला, गोजराबाईचं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं, आणि जगदेवला पहिल्यांदाच रडू आलं.

पुढच्या रविवारी दुपारी तो भांडी घासत होता, तेव्हा फोन वाजला. निकिताचा होता. हात पुसून त्यानं तो कानाला लावला.

"बोल, बाई."

पलीकडून नुसता श्वास येत होता, थांबून थांबून.

"निकिता? बरं नाही का तुले?"

"काहून नाही आले तुमी?" आवाज निकिताचा होता. पण घरची वऱ्हाडी बोली तिनं कॉलेजात गेल्यापासून सोडली होती, आणि प्रत्येक शब्द ती असा सावकाश उच्चारत होती, की जणू जीभ बऱ्याच वर्षांनी वळत असावी. "मी वाट पाहून राह्यली."

"आलो," जगदेव म्हणाला आणि उठून उभा राहिला. पण नाशिक एका रात्रीच्या रस्त्यावर होतं, आणि समोरच्या घड्याळात पावणेतीन होऊन गेले होते.