जोडलेली की तोडलेली

फिटरने शिडीवर उभं राहून चुंबकी कुलपाचा शेवटचा बोल्ट आवळला, दार लोटून पाहिलं आणि खाली बाकावर बसलेल्या वकिलांना म्हणाला,

"साहेब, कोठीतल्या बाईंना जरा सांगता का? लाल वायर सोडा म्हणावं."

कोठीतल्या बाई म्हणजे त्याची बायको. कार्ड दाखवलं की उघडणारी दारं बसवायचा धंदा दोघं मिळून करत. तो शिडी, ड्रिल आणि गिऱ्हाइकाशी बोलणं सांभाळायचा; ती पॅनेल, वायरी आणि त्याने गिऱ्हाइकाला जे जे कबूल केलंय ते निस्तरणं सांभाळायची. आज सकाळपासून मात्र दोघांत अबोला होता.

काम होतं दातांच्या दवाखान्यातलं. पेशंट ऊठसूट आत डोकावतात म्हणून डॉक्टरबाईंना मधल्या दाराला कुलूप हवं होतं. पॅनेल बाजूच्या कोठीत बसवायचं होतं आणि तिथे दवाखान्याचा कॉम्प्रेसर धडधडत असल्यामुळे शिडीवरचा आवाज तिथवर पोचत नव्हता. एरवी फिटरने दहा वेळा खाली उतरून कोठीत तोंड घातलं असतं. आज त्याचे पाय तिकडे वळत नव्हते.

वकिलांना दाढेसाठी भुलीचं इंजेक्शन मिळालं होतं आणि भूल चढेपर्यंत त्यांना बाहेर बसवलं होतं. जन्मभर दोन पक्षांच्या मध्ये बोलून पोट भरलेला माणूस तो. गाल चोळत लगेच उठले, कोठीच्या दाराशी गेले आणि परत आले.

"त्या म्हंतात, सोदली. आनि म्हंतात, सकाली दबा घेतला नाही तुम्ही."

"त्यांना सांगा, भूक नव्हती."

वकील गेले. आले.

"त्या म्हंतात, बलं."

त्या 'बरं'चा फिटरला जास्तच राग आला. सकाळी तो दाढी करत असताना तिचा फोन वाजला, म्हणून त्याने उचलला. कुलपांच्या एका मोठ्या कंपनीतला माणूस बोलत होता. बाईंची निवड झाली आहे, पहिल्या तारखेपासून नव्या लोकांना शिकवायला यायचं आहे, अभिनंदन. फिटर अर्ध्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत "आभारी आहे" म्हणाला होता. ती अर्ज करते काय, मुलाखतीला जाऊन येते काय, आणि घरात नवऱ्याला पत्ता नाही. फोन तिच्या हातात देऊन त्याने उरलेली दाढी केली, ती अजून एका बाजूला खरखरीतच होती.

वकील पुन्हा समोर उभे होते.

"त्या विचालतात, कुलुपाची वायल कुथल्या भोकात घालू?"

पॅनेलला दोन भोकं असतात. एक नेहमी जोडलेलं राहतं, एक नेहमी तोडलेलं; कार्ड दाखवलं की थोडा वेळ उलट होतं. कुठलं वापरायचं ते वरचं कुलूप वीज असताना दार धरतं की सोडतं ह्यावर ठरतं, आणि बाईसाहेब काही बाहेर येऊन कुलूप बघणार नव्हत्या.

"जोडलेली बाजू. नीट सांगा साहेब, जोडलेली."

भूल आता पुरती चढली होती. वकील कोठीशी जाऊन स्वच्छ म्हणाले, "दोदलेली."

तिने "तोडलेली?" असं विचारलं. वकिलांनी ठामपणे मान डोलावली. आणखी एकदा विचारणं तिच्या मानी स्वभावाला झेपणारं नव्हतं.

काम झाल्यावर डॉक्टरबाई दार बघायला आल्या. नुसतं ढकललं तर दार उघडलं. कार्ड दाखवलं तर खट्कन बंद झालं आणि ओढूनही हलेना. थोड्या वेळाने आपोआप सुटलं.

"म्हणजे ज्याच्याकडे कार्ड नाही त्याने खुशाल आत यायचं," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "आणि मी बाहेर उभं राहायचं."

फिटरने वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी छताकडे पाहिलं. कोठीतून बायको बाहेर आली, हातात पेचकस.

"मला तोडलेली सांगितलं."

"मी जोडलेली म्हणालो."

"मग येऊन सांगायचं होतं."

"तूही येऊन सांगायचं होतंस," फिटर म्हणाला, आणि हे वायरीबद्दल नव्हतं हे चौघांनाही कळलं. डॉक्टरबाई हळूच आत गेल्या. वकिलांनाही जायचं होतं, पण दोघं त्यांच्या दोन बाजूंना उभी होती.

बायकोने नवऱ्याकडे न बघता वकिलांना सांगितलं, "मला घेतील असं वाटलंच नव्हतं. नाही म्हणाले असते, तर ह्यांनी महिनाभर माझी समजूत घातली असती. कंपनी कशी मूर्ख आहे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरले असते. ते मला सोसलं नसतं."

वकिलांनी सवयीने फिटरकडे वळून तोंड उघडलं, मग त्यांना त्याची गरज दिसली नाही.

तिने आत जाऊन वायर बदलली. फिटर शिडी मिटत बसला, ती दोनदा मिटली आणि दोनदा उघडली. महिनाभर नाही, निदान दोन महिने आपण सांगत फिरलो असतो, हे त्यालाही पटलं होतं.

ह्या खेपेला दार शहाण्यासारखं वागलं. कार्डाशिवाय हललं नाही, कार्ड दाखवताच सुटलं. डॉक्टरबाईंनी फोन काढला.

"पुढे काही बिघडलं तर कुणाला फोन करू?"

फिटरने बायकोचा नंबर सांगितला.

"पण संध्याकाळी करा," तो म्हणाला. "पहिल्या तारखेपासून त्या कंपनीत असतात. लोकांना शिकवतात."

"आणि दिवसा बिघडलं तर?"

"दिवसा मला करा. मी त्यांना विचारून सांगेन."

कोठीत बायको पॅनेलचं झाकण लावत होती. स्क्रू केव्हाच बसला होता, तरी ती तो फिरवत राहिली.