तिसरा ठिपका

आमच्या धाकट्याचं लग्न मोडलं आणि चार महिन्यांनी त्याच मुलीशी पुन्हा ठरलं, त्या वर्षाची ही गोष्ट. पुतणी तेव्हा आमच्याकडे राहायची. अवकाशातल्या दुर्बिणीतून क्वेसार पाहणं हे तिचं काम. क्वेसार म्हणजे फार फार लांबचा, डोळे दिपवणारा दिवा. वाटेत एखादी जडशीळ दीर्घिका आली, की तिच्या ओढीने उजेड वाकतो आणि एकाचे चार ठिपके दिसतात.

"म्हणजे दुर्बिणीला चढलेली असते," आमचे हे म्हणाले.

"काका, चारही खरेच. वाटा लहानमोठ्या, म्हणून उजेड मागेपुढे पोचतो."

त्या दिव्याचा भडका आधी पहिल्या ठिपक्यात दिसला, मग दुसऱ्यात. तिसरा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उजळेल, असं हिने छातीठोकपणे सांगून दुर्बिणीचा वेळ मागून घेतला होता. तिच्या वरिष्ठ बाईंनी बजावलं होतं, "चुकलीस तर पुन्हा मागू नकोस."

रविवारी दुपारी ती नवं छायाचित्र घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली, तोंड एवढंसं करून. तिसरा होता तसाच मंद.

"रुसला वाटतं," हे म्हणाले. "आमच्या धाकट्यासारखा. येईल चार महिन्यांनी."

"काका, प्लीज!"

मी जुनं छायाचित्र शेजारी ठेवलं. पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकले, त्यामुळे कागद दिसला की अजूनही बोट ठेवूनच बघते.

"अगं, हा शेजारचा बारका तारा मागे वर होता ना? आता डावीकडे कसा?"

तिने पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. उन्हातून वीज करणारे पंखे सूर्याकडे ठेवायला दुर्बीण वर्षभर हळूहळू वळत राहते, चित्रही वळतं. हिने ठिपक्यांना नंबर मात्र जुन्याच जागेवरून दिले होते. डावीकडचा उजळ ठिपका ती दुसरा समजली होती. तोच तिसरा!

"काकूने पाटी उलटी धरली तेव्हा हसली होतीस ना?" हे म्हणाले. "आता तू आडवी धर."

बाईंनी चौथ्यासाठीही वेळ दिला. तो पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला उजळायचा होता.

"त्याला म्हणावं, जरा पाय उचल," हे म्हणाले. "मला बघायचाय."

चौथा पाच जूनला उजळला. हे सतरा मेच्या बुधवारी सकाळी गेले.